थाळीचा सूर मी खाल्ला तेव्हा

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. कॉम्प्युटरमध्ये राहतो आणि आवाज साफ करतो. कुणी गाणं किंवा गोष्ट रेकॉर्ड केली की त्यातली पंख्याची घरघर, गाड्यांचे हॉर्न मी काढून टाकतो. माझं नाव निर्मळ. नाव ठेवणारीला वाटलं, पोरगं गुणी निघेल. निघालोही, पण फार उशिरा!

मित्रांनो, मला नाशिकच्या चैतालीने घडवलं. ती अंबडच्या कारखान्यात नोकरी करते. रविवारी घरी बसून तिने मला लिहिलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. तिने माझ्या अंगावर सदतीस पट्ट्या बसवल्या. ही सरकवा, आवाज जाड होईल. ती सरकवा, बारीक होईल. मला तर आरशात बघून नटल्यासारखं वाटायचं.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे चैतालीची मैत्रीण मैना. ती सुरगाण्याकडे शाळेत शिकवते. मला उघडताच ती ओरडली, "अगं बाई! हे काय, विमान चालवायचंय का मला?" तिने सगळ्या पट्ट्या शेवटपर्यंत ओढल्या. जास्त ओढलं की जास्त साफ होतं, असा तिचा हिशेब. मुलांची प्रार्थना हंड्यात बसून म्हटल्यासारखी ऐकू आली.

चैताली हिरमुसली. मग तिने रागारागाने छत्तीस पट्ट्या काढल्या, सदतिसावीही काढली आणि एकच बटण ठेवलं. त्यावर लिहिलं, 'साफ कर'. काय सांगू, माझं नशीब फळफळलं! शिक्षक, कीर्तनकार, लग्नाचं शूटिंग करणारे, सगळे मला वापरू लागले. "दाबलं की झालं, डोक्याला ताप नाही," असं लोक म्हणायचे. कौतुकाने मी फुगलो. खोटं कशाला बोलू?

मैनाचे वडील देवराम थाळीवर कथा सांगायचे. काशाच्या थाळीत मेणाने एक लांब काडी उभी बसवायची आणि ती बोटांच्या चिमटीने वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमते. त्या घुमण्यावर धान्याची देवी कणसरी हिची कथा तासन्‌तास चालते. त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर गाता येणार नाही. म्हणून दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दुपारी ते पूर्ण कथा गायले आणि मैनाने ती फोनवर घेतली. शेजारी टेबलफॅन चालू होता.

तिने ती कथा माझ्याकडे आणली आणि बटण दाबलं. आत एकसारखी घरघर आणि एकसारखी घूं घूं. मला दोन्ही सारखीच वाटली. मी दोन्ही काढली, अगदी मुळासकट. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. साफ झाली म्हणून मैनाने न ऐकताच फोनमधली कथा पुसली. फोन भरला होता ना.

ऑपरेशन झाल्यावर तिने ती वडिलांना ऐकवली. देवरामबाबा ऐकत राहिले आणि मग त्यांनी तोंड फिरवलं. "माझी थाळी कुठं हाय?" एवढंच ते कुजबुजले. मैनाने रडतच चैतालीला फोन केला. "तुझ्या त्या बटणाने बाबांचं गाणं खाल्लं गं!"

मित्रांनो, मला तेव्हा फार लाज वाटली. पण चैतालीची एक सवय चांगली. मूळ आवाजाची एक प्रत माझ्या पोटात ठेवायला तिने मला शिकवलं होतं. बटणाच्या मागे ती कुणाला दिसत नव्हती, एवढंच. ती प्रत तिने शोधली. मग दोन दिवस सुट्टी काढून तिने माझ्यावर बटणाखाली एकच पट्टी बसवली: 'किती साफ करू?' आणि शेजारी लिहिलं, 'आधी ऐका'. काढलेल्या बाकीच्या पट्ट्याही तिने परत आणून एका झाकणाखाली ठेवल्या, ज्याला हव्यात त्याने उघडाव्यात.

ती स्वतः सुरगाण्याला गेली आणि मला देवरामबाबांपुढे ठेवलं. "काका, तुम्हीच सांगा कुठं थांबायचं." बाबांनी बोट पट्टीवर ठेवलं. पट्टी वर गेली, थाळी विरली. खाली आली, थाळी घुमली. त्यांचं बोट तिथेच थांबलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबा, पंखा अजून थोडा येतोय," मैना म्हणाली. "आणखी काढू का?"

"ऱ्हाऊ दे," ते हसून कुजबुजले. "उकडत नव्हतं का त्या दिवशी?"

आता मैनाच्या शाळेतली मुलं ती कथा ऐकतात. दोघी-तिघी पोरी काडी धरायला शिकताहेत, बाबा त्यांची चिमूट हाताने नीट करून देतात. मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं तुमचं काम सोपं करतील, जरूर करू द्या. पण काय राखायचं आणि काय टाकायचं, ते ज्याचं आहे त्याला विचारा. मला ते कळत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच मी करतो, आणि हे सांगायला मला आता मुळीच लाज वाटत नाही.