जोसायाचं मधलं नाव

ईश्वर मोहन रामटेके हा अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावातला अत्यंत हुशार माणूस होता. हे मत त्याचं स्वतःचं होतं, आणि त्याला दुजोरा देणारं अजून कुणी भेटलं नव्हतं.

तो राहायचा त्या रस्त्याला जोसाया वॉरन पिकेट या एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याचं नाव होतं. जोसायाचा बाप म्हणजे इथे येऊन वसलेला पहिला पिकेट, पण त्याचं नाव गावच्या इतिहास मंडळालाही ठाऊक नव्हतं. ईश्वरला हसू आलं. नाव तर पाटीवरच लिहिलंय! जोसाया, बापाचं नाव वॉरन, आडनाव पिकेट. सहा महिने खपून, जुन्या जनगणनेच्या याद्या उपसून त्याने न्यूयॉर्क राज्यातला एक वॉरन पिकेट शोधला, त्याला आजे-पणजे जोडले आणि मंडळात व्याख्यान द्यायचं कबूल करून बसला.

आठवडाभर आधी त्याने ही वंशावळ राकेशला दाखवली. राकेश नागपूरच्या कॉलेजापासूनचा मित्र.

"अरे यार, इथे मिडल नेम म्हणजे बापाचं नाव नसतं. वीस वर्षं झाली तुला इथे!"

"आत्ता नसेल," ईश्वर म्हणाला. "जुन्या लोकांना रीतभात होती."

"कॅन्सल कर ते लेक्चर. हसं होईल तुझं."

इतकं खरं बोलणाऱ्याशी मैत्री टिकायची कशी? "मग तू येऊच नकोस," असं सुनावून ईश्वरने अबोला धरला. त्याची बायको शीला तीनदा म्हणाली, फोन कर त्याला. पण आधी राकेशला खोटं पाडायचं, मग मोठ्या मनाने माफ करायचं, असा ईश्वरचा बेत पक्का होता.

रविवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये चौदा माणसं जमली. चाळीस स्लाइड झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. त्या डोरोथी पिकेट, जोसायाची सख्खी पणती.

"फार मेहनत घेतलीस," त्या इंग्रजीत, अगदी प्रेमाने म्हणाल्या. "पण हा माणूस आमचा कुणीच नाही. जोसायाच्या वडिलांचं नाव एमॉस. आमच्या घरच्या बायबलमध्ये लिहिलेलं आहे. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. विचारायचं होतंस."

"मग वॉरन कोण?" ईश्वरने कसंबसं विचारलं.

"शेजारी. एमॉस आणि त्याची बायको ऐन बर्फात इथे आले, डोक्यावर छप्पर नव्हतं. वॉरननी आपल्या एका खोलीच्या घरात त्यांना हिवाळाभर ठेवून घेतलं. जोसाया तिथेच जन्मला, म्हणून त्यांचं नाव त्याला दिलं."

ईश्वर सपशेल तोंडघशी पडला होता. पण त्याला लाज वाटली ती वेगळीच. वीस वर्षांपूर्वी जानेवारीत तो आणि शीला दोन बॅगा घेऊन इथे उतरले, तेव्हा ठरलेली जागा ऐनवेळी हातची गेली होती. राकेशने त्यांना आपली एकुलती एक खोली दिली आणि स्वतः मार्चपर्यंत किचनमध्ये जमिनीवर झोपला. ईश्वर हे विसरला नव्हता. त्याने फक्त आठवायचं सोडून दिलं होतं.

त्याने मान वर केली. शेवटच्या रांगेत, कान झाकणारी टोपी नाकापर्यंत ओढून, नको सांगितलेलं असतानाही राकेश येऊन बसला होता. तो हसत नव्हता. ईश्वरपेक्षा तोच जास्त घाबरलेला दिसत होता.

"राकेश," ईश्वर माइकवरच मराठीत म्हणाला, "माझं चुकलं यार."

मंडळींना वाटलं, पाहुण्याने आपल्या भाषेत समारोप केला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी राकेशच्या चालूच होत्या.