वेटिंग लिस्टवरून नाव काढलं

एमिल हुडाक हिवाळ्यात अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या ईरी शहराच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवायचा आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवायचा. तेवीस वर्षं हेच. हुडाकांच्या घरात शाळेपुढं कुणी शिकलं नव्हतं. त्यामुळं एकुलत्या एक बर्नडेटनं, म्हणजे बर्नीनं, डोंगरातल्या त्या जुन्या, नावाजलेल्या ऑर्डवे कॉलेजात अर्ज केला, तेव्हापासून एमिलची छाती फुगलेलीच होती.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी ऑर्डवेचं उत्तर आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बर्नीनं ते वाचलं आणि लॅपटॉप आईकडं वळवला. नोरीननं वाचलं आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"काय लिहिलंय?" एमिलला राहवेना.

"हो पण नाही आणि नाही पण नाही," बर्नी म्हणाली. "वेटिंग लिस्ट."

"म्हणजे रांगेत आहेस की! रांग पुढं सरकतेच."

"ही रांग नाहीये, डॅड."

एमिलला ते पटलं नाही. पुढच्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बर्नीला घेऊन शाळेच्या समुपदेशक मिसेस साबो यांच्यापुढं जाऊन बसला. बाईंनी तीस वर्षं पोरांना कॉलेजात धाडलं होतं. असे बाप त्यांना नवीन नव्हते.

"आमचा नंबर कितवा?" एमिलनं बसता बसताच विचारलं.

"नंबर नसतो, मिस्टर हुडाक."

"नंबर नाही, मग लिस्ट कसली?"

"त्यांच्या सोयीची," बाई म्हणाल्या. "एक मेपर्यंत प्रत्येक मुलानं कुठल्यातरी एका कॉलेजला पक्कं हो म्हणायचं असतं. मग ऑर्डवेवाले बघतात, आपण बोलावलेल्यांपैकी किती जण आले. पुरेसे आले तर लिस्ट उघडतच नाही. कमी पडले तर उघडते, पण तीही वरून खाली नाही. बासरी वाजवणारा कमी पडला तर बासरीवाला उचलतील, पश्चिमेकडचं कुणी नसेल तर तिकडचं पोर उचलतील. फोन मे महिन्यात येईल, जुलैतही येईल. आला की एका दिवसात उत्तर द्यायचं. आणि तोवर शिष्यवृत्तीची पेटी बहुतेक रिकामी झालेली असते."

"मागच्या वर्षी कितीजणांना घेतलं?"

"एकोणीसशे मुलं थांबली होती. सात घेतली."

"सात म्हणजे शून्य नव्हे," एमिल म्हणाला.

मिसेस साबोंनी चष्मा काढून पुसला. "हे बघा. लिस्टवर राहायचं असेल तर पंधरा एप्रिलच्या आत बर्नडेटनं त्यांच्या साइटवर तसं कळवायचं. न कळवता कुणी आपोआप राहत नाही. मग तिनं एक पत्र लिहायचं. तिनं, तुम्ही नाही. फोन करायचा नाही, तिकडं जायचं नाही. एका बापानं त्यांना केक पाठवला होता, अजून हसतात तिथले लोक. आणि दुसऱ्या कॉलेजातली जागा आधी पक्की करा, तिच्यावर मनापासून प्रेम करा आणि ऑर्डवेला विसरून जा."

"विसरायचं कसं?" एमिल हसला. बर्नी हसली नाही. ती सगळा वेळ जॅकेटची चेन वरखाली करत होती.

एप्रिलभर एमिल विसरला नाहीच. तो कामावरून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "फोन?" बर्नी मान हलवायची. ती भांडी विसळायला उभी राहिली की तो तिचा फोन समोर घेऊन बसायचा. शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशांच्या पंगतीला त्यानं पाद्रीबाबांपासून वाढणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांना सांगितलं. नगरपालिकेच्या गॅरेजमध्ये तर रोजचाच खेळ झाला.

"काय एमिल, लिस्ट हलली का?" कर्टिस सकाळी सकाळी ओरडायचा. हा कर्टिस त्याच्याच ट्रकवरचा जोडीदार, देहानं रेड्यासारखा आणि आवाजानं भोंग्यासारखा.

"हलेल, हलेल. माझी पोरगी हुडाकांचं नाव काढते की नाही बघ!"

दरम्यान बर्नीनं दोन तासांवरच्या सरकारी विद्यापीठाला हो कळवलं. नोरीननं त्या विद्यापीठाचं नाव छापलेला सदरा आणला. एमिल म्हणाला, "पावती ठेव. परत करायला लागेल."

मे अर्धा सरला, तरी ऑर्डवेकडून चकार शब्द नाही. मग एमिलनं ठरवलं. चार पानी पत्र त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: सहा वर्षांची बर्नी सरोवरातलं पाणी बरण्यांत भरून खिडकीत कशी ओळीनं लावायची आणि कुठल्या बरणीत शेवाळ आधी धरतं ते वहीत कसं टिपायची. बफेलो शहरात चुलतभावाच्या छपराच्या कामाला जातोय असं नोरीनला सांगून तो गुरुवारी पहाटे निघाला. द्राक्षांचे मळे मागं पडले, बफेलो मागं पडलं, आणि दहाच्या सुमाराला तो ऑर्डवेच्या प्रवेश कार्यालयापुढं उभा होता. पांढऱ्या खांबांचं घर, पुढं कापलेली हिरवळ. त्यानं गाडीच्या आरशात बघून केस बसवले.

आतून एक तरुण अधिकारी आला. व्हिटलॉक त्याचं नाव. त्यानं हात मिळवला, खुर्ची दिली आणि अदबीनं सांगितलं, "कुठल्याही अर्जदाराबद्दल आम्ही पालकांशी बोलत नाही, सर. तिलाच फोन करू दे."

"मला काही सांगूच नका," एमिल म्हणाला. "हे पत्र तेवढं तिच्या कागदांना लावा. बर्नडेट हुडाक. ईरी."

व्हिटलॉकनं नाइलाजानं नाव टाइप केलं. पडद्याकडं बघता बघता त्याचे हात थांबले.

"हे मी ठेवून घेऊ शकत नाही."

"केक थोडाच आणलाय? कागद आहे साधा."

"तसं नाही, सर. तुम्ही मुलीशी बोला."

"तिचं नाव आहे ना लिस्टवर?"

व्हिटलॉकनं पडदा जरा स्वतःकडं वळवला. बाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं.

"आहे ना?"

"मी आपलं एक सर्वसाधारण सांगतो," तो पोरगेला अधिकारी कीबोर्डकडं बघत म्हणाला. "लिस्टवरचं नाव आमच्याकडून सहसा निघत नाही. विद्यार्थी स्वतः काढतो."

एमिलला वाक्य ऐकू आलं, पण अर्थ आत शिरायला वेळ लागला. त्यानं चार पानांची घडी घातली, ती उलटी पडली, परत घातली. "बरं," तो म्हणाला. कुणी काही न विचारता पुन्हा एकदा "बरं" म्हणाला आणि बाहेर आला. गाडीत बसला, पण किल्ली कुठं घालायची तेच सुचेना. समोरून आईबापांचा एक घोळका कॉलेज बघत चालला होता. एक मुलगी उलट्या पावलांनी चालत त्यांना इमारती दाखवत होती. एमिल त्यांच्याकडं बघत राहिला. कुणीतरी भरबाजारात थोबाडीत मारावी आणि कुणी मारली तेही कळू नये, तसं त्याला झालं होतं.

चार वाजता तो घरी पोचला. बर्नी मागच्या पायरीवर बसून टोमॅटोची रोपं कुंड्यांतून काढत होती.

"ऑर्डवेला गेलो होतो," तो म्हणाला.

हातातलं रोप तिनं हळूच खाली ठेवलं.

"चुकून झालं का? चुकीचं बटण दाबलं गेलं?"

"नाही."

"कधी?"

"चौदा एप्रिल."

"महिना झाला!" एमिलचा आवाज चिरकला. "महिनाभर मी रोज तुला विचारतोय. गॅरेजमध्ये, चर्चमध्ये, जगभर सांगत सुटलोय..."

"रोज विचारतोयस, म्हणूनच!" बर्नी उभी राहिली. "तू विचारायचास आणि मी रोज नव्यानं नापास व्हायचे. आज आला नाही, आज पण आला नाही. हे जुलैपर्यंत? सातजणांसाठी? मी फोन बाथरूममध्ये नेत होते, डॅड. मी हवीय म्हणून कुठंतरी जायचं होतं मला. कुणाकडं एक खुर्ची रिकामी राहिली म्हणून नाही."

"मला सांगायचं होतंस."

"दोनदा आले होते सांगायला. एकदा तू फोनवर कर्टिसकाकाला सांगत होतास. एकदा तू इतका खूश होतास की..." तिनं मातीचे हात पँटला पुसले.

जाळीच्या दारामागून नोरीन म्हणाली, "एमिल, मला ठाऊक होतं."

त्यानं वळून बघितलं. बावीस वर्षांचा संसार. "तूसुद्धा?"

"तिनं सांगू नको म्हटलं. आणि तू ऐकलं असतंस का?"

पत्रापेक्षा, व्हिटलॉकपेक्षा हे जास्त लागलं. नऊ दिवस एमिल घरात मीठ दे, दार लाव यापलीकडं बोलला नाही. फोनबद्दल विचारायचं मात्र बंद झालं.

दहाव्या दिवशी गॅरेजमध्ये कर्टिसनं नेहमीची आरोळी ठोकली. एमिलनं हातमोजे काढले. "पोरीनं नाव काढलं," तो म्हणाला.

"काय सांगतोस!" कर्टिसनं त्याला उचलूनच घेतलं. टाळ्या झाल्या, कुणी ट्रकचा भोंगा वाजवला, कुणी पेपरोनी सॉसेज भरलेल्या पावाच्या गोळ्यांचा डबा पुढं केला.

"अरे तसं नाही. ऐका. लिस्टवरून काढलं. स्वतःचं."

भोंगा थांबला. कर्टिसनं त्याला हळूच खाली ठेवलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं. "म्हणजे तिनं ऑर्डवेला नको म्हटलं? त्यांना असं कुणी म्हणतं?"

"आमची म्हणाली," एमिल म्हणाला, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्या दिवशी त्याला जेवण गेलं.

जूनच्या शेवटी रस्त्याकडेच्या स्ट्रॉबेरीच्या टपरीवर मिसेस साबो भेटल्या. बर्नीनं नाव काढल्याचं त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. या वर्षी ऑर्डवेचा अंदाज पार कोसळला. लिस्टवरून एकशे चाळीस मुलं घेतली त्यांनी."

एमिलच्या हातातली टोपली कलंडली. बाईच खाली वाकून फळं वेचू लागल्या. "तीस वर्षांत असं बघितलं नव्हतं," त्या पुटपुटत होत्या.

तो तसाच गाडी काढून सरोवरात शिरलेल्या द्वीपकल्पावर गेला. तिथल्या किनाऱ्यावरच्या हॅम्बर्गरच्या टपरीच्या खिडकीत बर्नी सुट्टीची नोकरी करायची. गर्दी नव्हती. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"एकशे चाळीस," तीच म्हणाली. "शाळेतल्या विनिफ्रेडला फोन आला. पंधरा दिवस झाले."

"तू बोलली नाहीस."

"दोन दिवस रडले. तू विचारायचं बंद केलं होतंस ना."

एमिल खिडकीच्या फळीवर वाकला. "मग... वाईट वाटतंय?"

ती नाही म्हणेल, असं त्यानं धरून ठेवलं होतं. त्यावर बोलायची वाक्यंही गाडीत जुळवली होती.

"खूप," बर्नी म्हणाली. "त्यांनी मलाच घेतलं असतं असं नाही. पण घेतलं असतं कदाचित. खूप वाईट वाटतंय, डॅड."

तो तिथल्या बाकावर बसला आणि तिची ड्यूटी संपेपर्यंत बसून राहिला. मधे तिनं बटाट्याचे काप आणून दिले. दोघांनी मिळून खाल्ले, सरोवराकडं बघत, ऑर्डवेचं नाव न काढता.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ते तिला विद्यापीठात सोडायला गेले. वसतिगृहाची लिफ्ट बंद होती. एमिल छोटा फ्रिज छातीशी धरून तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर धापा टाकत थांबला. खोलीतल्या दुसऱ्या मुलीचे वडील वरून उतरत होते. भला माणूस, बोलका.

"तुमच्या मुलीची पहिली पसंती हीच होती का?" त्यांनी सहज विचारलं.

एमिलनं फ्रिज पायरीवर टेकवला.

"नव्हती," मागून बर्नी म्हणाली आणि फ्रिजची दुसरी बाजू उचलली. "चल डॅड, अजून बारा पायऱ्या आहेत. डावीकडं वळव."