सोमवारची स्मरणपत्रं

श्रीकांत टेंबे यांना सोमवार आवडायचा. नोकरीत असताना आवडायचा आणि निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी आवडायचा, आणि त्यांच्या पत्नीने, प्रेमाताईंनी, याबद्दल त्यांना कधीही माफ केलं नव्हतं. बंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात टेंबे बत्तीस वर्षं गुणवत्ता तपासणीत होते. तिथला नियम असा, की जी तक्रार उघडी आहे तिला दर सोमवारी स्मरणपत्र गेलंच पाहिजे, मग ती तक्रार स्क्रूची असो की साहेबाची. कारखाना सुटला, नियम मात्र टेंब्यांबरोबर हेब्बाळजवळच्या घरी राहायला आला.

इथे तक्रारींना तोटा नव्हता. कोपऱ्यावरचा दिवा वर्षभर बंद, गटाराचं झाकण गायब, उद्यानाच्या नळाला पाणी नाही, कचऱ्याची गाडी मनात येईल तेव्हा. प्रत्येक तक्रार टेंबे वॉर्ड ऑफिसच्या ॲपवर फोटोसकट नोंदवत आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घेत. सुरुवातीला दर सोमवारी एकेक तक्रार वाचून ते स्मरणपत्र धाडायचे. दोन महिन्यांत आकडा विसाच्या वर गेला तेव्हा ॲपमध्येच त्यांना एक बटण सापडलं, सगळ्या उघड्या तक्रारींना एकदम स्मरणपत्र पाठवणारं. त्या दिवशी त्यांना झालेला आनंद प्रेमाताईंनी मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आता सत्तावीस तक्रारी होत्या आणि सुटलेली एकही नव्हती. तरी सोमवारी नाश्ता झाला की टेंबे ते बटण दाबत, उरलेल्या चार इडल्या डब्यात घालत आणि गोजराबाईंना द्यायला निघत.

गोजराबाई उद्यानाच्या भिंतीलगत, फुटपाथवर, निळ्या ताडपत्रीखाली राहायच्या. पाच महिन्यांपूर्वी टेंबे तिथून चालले असताना ताडपत्रीतून आवाज आला होता, “मेल्या, माझी भाकर खातूस व्हय रं!” हे कुत्र्याला होतं, पण या रस्त्यावर मराठीत शिवी ऐकून टेंबे जागच्या जागी थांबले. बाई सीमेवरच्या अथणीकडच्या निघाल्या. नवऱ्याबरोबर इमारतींच्या कामावर आल्या होत्या. नवरा आजाराने गेला, मुकादमाने शेडमधून काढलं. आता सकाळी एका दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, भांडी घासायच्या, दुपारी भिंतीला पाठ टेकून बसायच्या. गुडघे गेलेले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी पितळी लोट्यातून टेंब्यांना पाणी दिलं आणि विचारलं, “अण्णा, तुमी आमच्याकडचंच व्हय?”

टेंबे होते सातारचे. पण ते “हो” म्हणाले.

त्या दिवसापासून गोजराबाईंना छप्पर मिळवून द्यायचं त्यांनी मनावर घेतलं. शहरातल्याच शिवाजीनगरला बायकांसाठी निवारा आहे हे त्यांनी शोधून काढलं. तिथल्या राजलक्ष्मीबाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, बेघर म्हणून ओळखपत्र लागेल. ओळखपत्र मिळायचं ते मोजणीत नाव आलं तर. आणि या वॉर्डात मोजणी होत नव्हती, कारण वॉर्डाच्या कागदावर बेघरांची संख्या होती शून्य.

“शून्य कुणी लिहिलं?” टेंब्यांनी वॉर्ड ऑफिसातल्या नागराज नावाच्या अधिकाऱ्याला कन्नडमध्ये विचारलं.

“मागच्या मोजणीत आलं सर.”

“मागची मोजणी कधी झाली?”

“झाली नाही सर. बेघर शून्य आहेत ना.”

टेंब्यांच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी गोजराबाईंचा फोटो दाखवला. नागराजने तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाला, “स्वल्प थांबा सर, वर विचारतो.” हे ‘स्वल्प’ चार महिने चाललं. टेंब्यांनी वॉर्ड ऑफिसचे इतके जिने झिजवले, की तिथला शिपाई त्यांना निवृत्तिवेतनाचं काही अडलंय का असं आपुलकीने विचारू लागला. रहिवासी संघाच्या बैठकीत त्यांनी विषय काढला, तर सचिव यशोवर्धन म्हणाले, “टेंबे, तुम्ही तिला सोय करून दिलीत तर उद्या दहा येतील.” टेंबे म्हणाले, “मग अकरा खाटा मागू.” त्यानंतर बैठकीत त्यांच्याजवळ कुणी बसेना.

आणि अखेर एका शुक्रवारी नागराजचा फोन आला. मोजणी मंजूर. येत्या बुधवारी पहाटे साडेपाचला पथक येणार. माणूस जिथे झोपतो त्याच जागी दिसला पाहिजे, तरच नोंद. नाही दिसला तर पुढची मोजणी कधी, ते नागराजलाही ठाऊक नव्हतं.

टेंबे तडक भिंतीपाशी गेले.

“गोजराबाई, बुधवारपर्यंत इथून हलायचं नाही.”

“आन् भांडी?”

“भांडी राहू देत. दर्शिनीवाल्याला मी सांगतो. कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा.”

“सांगते की,” गोजराबाई म्हणाल्या. “खाट खिडकीशी मिळंल का हो अण्णा?”

सोमवारी टेंब्यांनी बटण दाबलं, इडल्या पोचवल्या. मंगळवारी दुपारी ते शिवाजीनगरला जाऊन खाट पाहून आले. खिडकीशीच होती. राजलक्ष्मीबाईंनी ती आठवडाभर राखून ठेवायचं कबूल केलं. परतीच्या बसमध्ये फोन वाजला. ॲपचा निरोप होता: तक्रार क्रमांक चार निकाली निघाली आहे, आपण समाधानी आहात का?

आठ महिन्यांत पहिल्यांदा! टेंब्यांनी शेजारच्या अनोळखी माणसालाही तो दाखवला. चार नंबर म्हणजे दिवा की गटाराचं झाकण, हे त्यांना आठवेना, पण घरी जाऊन वहीत बघू म्हणून त्यांनी आधी ‘समाधानी आहे’ यावर बोट टेकवलं. घरी पोचले तर पाय बोलत होते. प्रेमाताईंनी साजूक तुपातला शिरा केला. वही राहूनच गेली, आणि भिंतीकडे चक्करही राहिली. पहाटे जायचंच होतं.

बुधवारी साडेपाचला पथकातल्या धनलक्ष्मी नावाच्या बाई कागद-पेन घेऊन हजर होत्या. वेळेवर आलेली सरकारी मोजणी टेंब्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. ते त्यांना घेऊन कोपरा वळले आणि उभेच राहिले.

ताडपत्री नव्हती. पेटी नव्हती, तीन विटांची चूल नव्हती. फुटपाथ स्वच्छ झाडलेला होता, धुतलेलाही असावा. भिंतीवर चुलीचा काळा डाग तेवढा राहिला होता.

“इथेच होत्या,” टेंबे म्हणाले. “हा डाग बघा.”

“डागाची नोंद नाही करता येत सर,” धनलक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. त्या दहा मिनिटं थांबल्या, कर्तव्यापेक्षा नऊ मिनिटं जास्त. मग त्यांनी कागदावर शून्य लिहिलं आणि पुढच्या गल्लीत गेल्या.

टेंब्यांनी तिथूनच नागराजला फोन लावला आणि तो झोपेतून पुरता जागा व्हायच्या आत त्याला फैलावर घेतलं. कुणाच्या हुकमाने? मोजणीच्या आदल्या दिवशी? चार महिने मी काय झक मारत होतो?

नागराजने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सर, तक्रार होती. खूप जुनी. तिला पस्तीस स्मरणपत्रं आली होती. वरून मला मेमो आला. मी काय करणार?”

“कुणाची तक्रार? नाव सांगा मला त्याचं.”

“सर,” नागराज म्हणाला, “तुम्ही वही ठेवता ना? चार नंबर बघा.”

घरी येऊन टेंब्यांनी उभ्या उभ्याच वही उघडली. त्यांच्याच रेखीव अक्षरात लिहिलेलं होतं. ‘४. उद्यानाच्या भिंतीलगत फुटपाथवर ताडपत्री टाकून अतिक्रमण. पादचाऱ्यांची गैरसोय. त्वरित हटवावे.’ तारीख आठ महिन्यांपूर्वीची. त्यांनी ॲपवरचा फोटो उघडला. निळी ताडपत्री, आणि तिच्या कडेला पितळी लोटा. या लोट्यातलं पाणी ते प्यायले होते. फोटो काढला तेव्हा तो त्यांना दिसलाही नव्हता.

सत्तावीस तक्रारी. सव्वीस जशाच्या तशा. दिवा लागला नाही, झाकण बसलं नाही, नळाला पाणी आलं नाही. या शहराने त्यांचं ऐकलं ते एकदाच, आणि ते हे. त्यांना ओरडावंसं वाटत होतं, पण कुणाच्या नावाने ओरडणार? प्रेमाताईंनी वही वाचली, मिटली आणि परत त्यांच्यापुढे ठेवली. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नऊच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला.

“अण्णा, मी गोजरा. हितं पीण्याच्या कारखान्यांच्या पल्याड, शहराभाईर, एका टपरीवरनं बोलतीया. तुमी दिल्याल्या चिठ्ठीवर नंबर हुता म्हनून बरं.”

“गोजराबाई! बऱ्या आहात ना?”

“हाय की. काल दुपारी गाडी आली बघा. सामान टाकलं, मला बी बसवलं आन् हितं उतरवून दिलं. पेटी गेली गाडीतच. मी लई सांगितलं, अण्णांनी हलू नगं म्हनलंय, हलनार न्हाई. तुमचं नाव बी सांगितलं.”

“मग?”

“हसला त्यो मानूस. कागद फुडं केला, म्हनला ह्यावर त्यांचंच नाव हाय. मला वाचता येतंय व्हय?” त्यांचा आवाज चढला. “अण्णा, कुनीतरी लबाडानं तुमच्या नावानं तक्रार घातलीया. त्याला सोडू नगासा. तुमी लिवनारं मानूस, लिवा त्याच्यावर.”

टेंब्यांनी वहीवर हात ठेवला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि बाईंनी ते त्यांच्या हातात आयतं दिलं होतं.

“गोजराबाई,” ते म्हणाले, “तक्रार मीच केली होती.”

पलीकडे ट्रक गेल्याचा आवाज आला.

“कवा?”

“आठ महिने झाले. तुमची ओळख नव्हती तेव्हा. मी विसरून गेलो होतो.”

“मग इतक्या दिसांनी काल कसं आलं त्ये?”

“मी आठवण करत होतो त्यांना. बटण दाबायचं असतं. न बघता दाबत होतो, दर सोमवारी.”

“सोमवारी,” गोजराबाई म्हणाल्या. त्या जुळवत होत्या. “इडली घेऊन येत हुता, त्या सोमवारी?”

“हो,” टेंबे म्हणाले. “बटण दाबून मग यायचो.”