माझ्यावरचा अर्धा डाव

मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या एका कोपऱ्याची जाळी फाटली आहे आणि पाठीला पोपडे आले आहेत, एवढंच. बाकी स्ट्रायकर अजूनही माझ्यावरून असा सरकतो की नव्या बोर्डांनी बघत राहावं. मित्रांनो, थोडी बढाई मारली तर रागावू नका. मधली पुष्कळ वर्षं माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं, त्यामुळे संधी मिळाली की मला राहवत नाही.

माझा जन्म चेन्नईतल्या जॉर्ज टाउनचा. बंदराजवळच्या एका अरुंद गल्लीत म्हातारे कारागीर बोर्ड बनवत. मला पॉलिश करणाऱ्या कारागिराने तळहात फिरवून पाहिलं आणि तो नुसतं "हं" म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे मोठीच शाबासकी होती. तिथून मी एका विद्यापीठात आलो. तिथे पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक खोली होती. हे विद्यार्थी म्हणजे तुमच्यापेक्षा पुष्कळ मोठे, पण अजून शिकतच असलेले. लांबलांबून आलेले असतात, एकेका प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागतात आणि उत्तर सापडलं नाही की जेवणखाण विसरतात. अशा लोकांना माझी फार गरज होती. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की ते माझ्याभोवती जमायचे, भांडायचे, हसायचे.

मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. माणसं त्याच खोलीत बसायची, पण एकमेकांकडे पाठ करून. एक दिवस कुणीतरी मला उचलून कपाटामागे सरकवलं. तिथे पाली होत्या, जळमटं होती. पावसाळ्यात कुणी ना कुणी ओली छत्री माझ्या पाठीला टेकवून जायचा. ते पोपडे तेव्हाचे. मला वाईट वाटायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा.

मला बाहेर काढलं ते भवानी अक्कांनी. त्या वेस्ट मांबलममध्ये राहायच्या. पूर्वी कॉलेजात शिकवत, आणि मुलं मोठी झाल्यावर स्वतः पीएचडीला आल्या होत्या. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी, पिढ्यानपिढ्या तिकडेच रुजलेलं. त्यांची मराठी ऐकताना जुन्या पोथीत कुणीतरी तमिळ मिसळल्यासारखं वाटायचं.

"नवी लेकरं येतात, आपापल्या खोलींत रडतात, अन् कुणाला पत्ता नसतो," छत्र्या बाजूला करत त्या म्हणाल्या. "शुक्रवारी तरी एकमेकांची तोंडं पाहूं या कीं!"

त्यांनी पदराने मला पुसलं. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी खोलीत बैठक सुरू झाली. अक्का घरून फ्लास्कमध्ये फिल्टर कॉफी आणि डबाभर सुंडल आणायच्या. सुंडल म्हणजे नारळ घातलेली हरभऱ्याची उसळ. ती खाऊन तेलकट बोटांनी मला हात लावलेला मात्र मला मुळीच आवडायचा नाही. दाराजवळच्या बाजूला गणितवाला मुरली बसायचा. तो इथलाच, तमिळ बोलणारा, आणि पावडरचा डबा कायम त्याच्या ताब्यात.

एका शुक्रवारी दारात एक मुलगी घुटमळताना दिसली. ती कीर्ती. लातूरहून आली होती आणि खाऱ्या जमिनीत तग धरेल असं भाताचं वाण शोधत होती. बाहेरून जाताना अक्कांचं फोनवरचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. मराठी आहे की नाही, या विचारात ती तिथेच थांबली होती.

"कां गे, दारांत कां उभी? आंत ये. जेवलीस कीं?" अक्कांनी विचारलं.

"हो, मेसमध्ये. सांबार-भात. म्हणजे, थोडाच."

इथे सगळे सगळ्यांना जेवलास का असं विचारतात, तो नुसता नमस्कार असतो. पण कीर्तीने इतकं प्रामाणिक उत्तर दिलं की अक्कांनी सुंडलचा डबाच तिच्यापुढे सरकवला.

आता गंमत ऐका. तमिळमध्ये निघताना कुणी "जातो" म्हणत नाही. आपल्या मराठीसारखंच तिथेही "येतो" म्हणतात. त्यांचा शब्द आहे "वरेन". आमच्या खोलीत निघणारा प्रत्येक जण माझ्या चौकटीवर टकटक करायचा, दाराजवळच्या मुरलीकडे बघायचा आणि म्हणायचा, "वरेन." कीर्तीला तमिळचा गंध नव्हता. तिने ठरवून टाकलं की या मुलाचं नाव वरेन आहे.

पुढच्या शुक्रवारी पावडर हवी होती म्हणून तिने हाक मारली, "वरेन!"

मुरलीला वाटलं, निघाली. "सेरी," तो मान हलवून म्हणाला. सेरी म्हणजे बरं. कीर्ती मात्र जागची हलेना. थोड्या वेळाने पुन्हा, "वरेन!" पुन्हा मुरलीचं "सेरी." ही मुलगी सारखी निरोप घेते आणि जात का नाही, हे त्या बिचाऱ्या गणितवाल्याला काही केल्या सुटेना. हा घोळ कितीतरी शुक्रवार चालला. शेवटी अक्कांच्या लक्षात आलं आणि त्या हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. कीर्तीचे कान लाल झाले. पण त्या दिवसापासून मुरलीचं नाव वरेनच पडलं, आणि कीर्ती आमची झाली.

कीर्ती बघता बघता चांगली खेळायला लागली. एका शुक्रवारी तर तिने राणी घेतली! कॅरममध्ये राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी खिशात घालावी लागते. ते साधलं नाही तर राणी परत मधोमध येते. कीर्तीने नेम धरला होता, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची रोपं ज्या काचघरात होती तिथला पंप बंद पडला होता. चेन्नईच्या उन्हात सगळी रोपं करपून गेली होती. तिच्या हातातला स्ट्रायकर माझ्यावरच राहिला आणि ती धावत गेली. आमच्याकडे अर्धा डाव कुणी मोडत नाही. अक्कांनी माझ्यावर एक पंचा पांघरला.

असं दुसऱ्यांदा घडलं होतं, मित्रांनो. पहिली रोपं रोगाने गेली होती.

पुढच्या शुक्रवारी कीर्ती आली ती पाठीवर मोठी बॅग घेऊनच. चप्पलसुद्धा तिने काढली नाही.

"अक्का, मी जाते."

अक्का कॉफी ओतत होत्या. त्यांचा हात थांबला. "काय म्हटलीस?"

"जाते. सोडते हे सगळं. आज रात्रीची गाडी आहे."

"जाते म्हणूं नये गे. वरेन म्हण."

"नाही म्हणत," कीर्तीचा आवाज चिरकला. "परत यायचंच नाहीये, तर खोटं कशाला बोलू?"

मला वाटलं, आता अक्का समजावतील, चार उपदेशाच्या गोष्टी सांगतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी माझ्यावरचा पंचा काढला.

"पाळी तुझी आहे. ती खेळ, अन् मग जा."

कीर्ती बॅग न उतरवताच बसली. तिने स्ट्रायकर रेघेवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मनात आलं, जराशी कूस वळवावी आणि तिची सोंगटी खिशात ढकलावी. पण बोर्डाला ते करता येत नाही. स्ट्रायकर सोंगटीला चाटून गेला. नेम चुकला.

मुरलीने राणी उचलली आणि माझ्या बरोबर मधोमध ठेवली. "परत जागेवर," तो त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "खेळ संपला नाही. राणी फक्त परत आली."

मग मात्र कीर्ती माझ्यावर डोकं टेकून रडली. पावडर भिजली. एरवी माझ्यावर पाण्याचा थेंब पडला तरी मी चिडतो. त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. ती आणखी रडली असती तरी चाललं असतं.

रडणं ओसरलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "दमलीस, कण्णा, माझ्या लेकरा. घरीं जा, आईच्या हातचं जेव, नीज. पंप बिघडला हा तुझा दोष नव्हे. बियाणं शिल्लक आहे, मी तुझ्या मार्गदर्शक गुरुराज सरांना विचारून आलें. तू नसतां रोपांना पाणी आम्ही सगळे पाळीपाळीनें घालूं."

"आणि आता पाळी माझी आहे," मुरली म्हणाला. "मी खेळणार नाही. तू आल्यावर खेळेन."

कीर्ती उठली. दारापर्यंत गेली, परत आली आणि माझ्या चौकटीवर टकटक केली. "वरेन," ती इतक्या हळू म्हणाली की ते मुरलीला उद्देशून होतं की निरोप होता, कुणालाच कळलं नाही.

मग वाट बघणं आलं. शुक्रवार येत होते, जात होते. माझ्यावर पंचा तसाच. नवीन आलेल्या एकाने विचारलंसुद्धा, "हा डाव मोडून दुसरा मांडू या का?" मुरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने सुंडल खायला लागला. काचघरात सरांनी पुन्हा बी पेरलं होतं, आणि कुणी ना कुणी पाणी घालून, चिखलाचे पाय घेऊन यायचा. मी मनातून फार घाबरलो होतो. खेळाविना पडून राहणं काय असतं, ते मला कपाटामागे कळलं होतं. पण या वेळी कुणीतरी मुद्दाम माझी जागा राखली होती, एवढा मोठा फरक होता.

एका शुक्रवारी मुरली दाराकडे पाठ करून पावडरचा डबा भरत होता. मागून आवाज आला.

"वरेन!"

"सेरी," मुरली सवयीने म्हणाला.

मुरलीचा हात थबकला. आज अजून निघालं तर कुणीच नव्हतं. तो गर्रकन वळला. दारात कीर्ती उभी होती.

"निरोप नाही घेत आहे," ती म्हणाली. "तुला हाक मारतेय. खेळ, पाळी तुझी आहे."

अक्कांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. मुरलीने नेम धरला आणि स्ट्रायकर थेट खिशात घातला. इतका वाईट नेम मी जन्मात पाहिला नव्हता.

आता भवानी अक्का डॉक्टरेट घेऊन परत कॉलेजात शिकवतात, तरी शुक्रवारी कॉफी घेऊन येतात. कीर्तीची रोपं खाऱ्या पाण्यातही माना वर काढून उभी आहेत, असं ऐकतो. दारात कुणी नवं माणूस घुटमळलं की पहिली तीच उठते आणि विचारते, "जेवलीस का?"

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझा एखादा भाऊबंद कपाटामागे असेल तर त्याला बाहेर काढा, कोरड्या फडक्याने पुसा. आणि कुणी एकटं दारात उभं असेल तर त्याला आत बोलवा, त्याचा अर्धा राहिलेला डाव मोडू नका.

निघालात? मग माझ्या चौकटीवर टकटक करा. पुढे काय म्हणायचं, ते तुम्हाला आता येतंच.