भेगेत गेलेला ओहोळ

अकोले तालुक्यातल्या एका डोंगराखालून वर्षभर बोगदा खोदणं चाललं होतं. पलीकडच्या कोरड्या गावांना पाणी न्यायचं होतं. सुरुंगाचा हादरा बसला की वनरक्षक अश्विनीच्या चौकीतली भांडी वाजायची. तिला त्याची सवय झाली होती.

मार्चातल्या एका सकाळी लंकाबाई धापा टाकत चौकीवर आली. ओहोळातल्या डोहाकाठी तिचं एकटीचं घर.

"ताई, डोह पळाला!"

"डोह कसा पळेल, मावशी?"

"तूच येऊन बघ. माझी तर मतीच गुंग झाली."

अश्विनी गेली आणि जागीच थबकली. काठची जमीन गुडघाभर खाली बसली होती, जांभळी कलल्या होत्या आणि खडकाला पडलेल्या भेगेत वरून येणारं पाणी गटागटा शिरत होतं. पुढं नुसता चिखल. त्यात मासे तोंडं उघडत होते, खेकडे दगडांवर चढून बसले होते. दोघींनी मासे घमेल्यात भरले. पण न्यायचे कुठं?

"खिंडीपल्याड खळग्यात पानी साठलंय," लंकाबाई म्हणाली. "काल शेळी हुडकाया गेल्ते, तवा पाह्यलं. दिवाळीत तिथं गवत हुतं."

खरंच होतं. बोगदा खिंडीखालूनही गेला होता, आणि तिथला माळ परातीसारखा खचला होता. उतारातून पाझर फुटून त्यात तळं झालं होतं. काठावर ठसे होते: भेकरांचे खूर, मोरांची पावलं, बिबट्याचा पंजासुद्धा. अश्विनीनं मासे सोडले. हसावं की रडावं, तिला कळेना.

दुपारी बोगद्यावरचा इंजिनीअर अमजद तिथं आला. तोही गोंधळलेलाच.

"मॅडम, आम्ही इतके खोल आहोत की वरचं पानही हलायला नको होतं. भेग सिमेंटनं भरून बघतो. ओहोळ कदाचित पुन्हा वाहील."

"आणि हे तळं?"

"पाणी एकच आहे, मॅडम. ओहोळाचंच आतून इकडं झिरपत असणार, बरेच दिवस. तिकडं गेलं तर इथलं आटणार."

तिनं वरिष्ठांना फोन केला. "जागेवर तुम्ही आहात, तुम्हीच सांगा," असं म्हणून ते मोकळे झाले. तिनं लंकाबाईकडं पाहिलं.

"मला काय इचारती? ओहोळ माझ्या दारातला, व्हय. पन त्या भेकरांनाबी तहान हायच की."

भेकरांना पाय आहेत, अश्विनीनं विचार केला; खेकड्यांना खिंड ओलांडता येत नाही.

"भरा," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

भेग भरली. ओहोळ परतला, आधी पांढुरका, मग नितळ, पण निम्माच. खळग्यातलं पाणी उतरू लागलं तसं दोघींनी उरलेले मासे परत आणून सोडले. काही उलटे तरंगले, काही मुळांखाली शिरले. जगले किती, ते सांगता येईना.

एप्रिलात एका संध्याकाळी ती खिंडीपलीकडं गेली. तडकलेल्या चिखलात दोन भेकरं उभी होती. त्यातलं एक पुन्हा पुन्हा जमिनीला नाक लावत होतं.

"अगं, ओहोळावर जा ना! इथं जवळच तर आहे," ती पुटपुटली.

तिनं टाळ्या वाजवून त्यांना खिंडीकडं वळवायला पाहिलं. दोन्ही भेकरं दचकली आणि नेमकी उलट दिशेला, कोरड्या माळावर पळत सुटली.