सहाव्या फळीखाली

चंपतरावांनी खिळ्यावर पाचवी फळी ठेवली आणि लोखंड शोधणारं थाळीचं यंत्र तिच्यावरून सावकाश फिरवलं. यंत्र कण्हल्यासारखं बारीक वाजलं. त्यांनी सहावी फळी ठेवली. आता आवाज नाही. थाळी आडवी फिरवली, उभी फिरवली, फळीला टेकवून पाहिली. तरी नाही.

“पाच,” ते म्हणाले.

आरागिरणीचे मालक मधुसूदन यांनी खडूनं भिंतीवर पाचाचा आकडा काढला. त्याच्यावर दोन आणि चार हे आकडे आधीच होते. फळ्या इंचाइंचाच्या, खाली तीन इंची खिळा. सकाळपासून तीन जुनी यंत्रं तपासून झाली होती. मंगल कार्यालयाच्या पहारेकऱ्याकडचा दांडा दोन फळ्यांनंतर मुका झाला. भंगार बाजारातून आणलेला निळा डबा चार फळ्यांपर्यंत बोलला. पण ऊन चढलं तसा आपोआपच वाजू लागला आणि दर पाच मिनिटांनी त्याचं बटण पिळावं लागलं. थाळीचं यंत्र तिन्हींत नवं, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचं.

“हिच्या कागदावर तीन फूट लिहिलंय, चंपतराव. तुम्ही नीट धरत नसाल.”

“तीन फुटावर हंडा दिसत असंन, साहेब. खिळा नाही दिसत.”

भंडारा रोडवरच्या या गिरणीत महिन्याभरात आरीचे दोन पट्टे तुटले होते. दोन्ही वेळा ओंडक्याच्या पोटात लोखंड निघालं. दुसऱ्या वेळी पट्ट्याचा वीतभर तुकडा चंपतरावांच्या कानाजवळून गेला आणि मागच्या टिनात रुतला. त्या दिवशी त्यांनी खोल पाहणारं यंत्र मागितलं होतं. मालकांनी एकाऐवजी तीन आणली, आणि तिन्ही मिळूनही चंपतरावांना हवं ते होत नव्हतं.

शेडच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर प्रेमिलाताई बसल्या होत्या. रामटेककडच्या एका गावात त्या विज्ञान शिकवत. जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं होतं; अंगणातला साग आड येत होता म्हणून रीतसर परवानगी काढून तोडला आणि त्याचंच दार करायचं ठरवलं. दहा फुटांचा ओंडका सकाळी गाडीतून उतरला तेव्हा चंपतरावांनी विचारलं होतं, “खिळा, कडी, तार काही ठोकलं होतं का, म्याडम?” त्या नाही म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं. त्या परत नाही म्हणाल्या.

ओंडका आरीपुढच्या लोखंडी ट्रॉलीपासून लांब, लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. दांडा सगळीकडून फिरवला, गप्प. थाळी फिरवली, गप्प. डबा मात्र मधल्या भागावर एका जागी ठणाणा वाजला. चंपतरावांनी पटाशी आणि हातोडा घेतला. अर्धा तास खोदून चार इंचांचा खड्डा पडला. आत पिवळंधमक, निर्मळ लाकूड. डबा पुन्हा लावला, तर आता तो हातभर अलीकडे वाजत होता. आणखी फिरवला तर नुसता वाजतच राहिला.

“झालं समाधान?” मधुसूदन म्हणाले. “चांगल्या सागाला भोक पाडलंत. बाई दोनदा सांगतात काही नाही, दोन मशिनी सांगतात काही नाही. एक खराब डबा तेवढा तुमच्या बाजूनं.”

चंपतरावांनी पटाशी पुसली. बोलण्यासारखं खूप होतं. एकतीस वर्षं आरीपुढे उभं राहून जे कळतं ते भिंतीवर खडूनं लिहिता येत नाही, हेही त्यात होतं. पण खड्डा तर रिकामाच निघाला होता.

“चढवा,” ते म्हणाले.

ओंडका ट्रॉलीवर चढला. ट्रॉली ढकलणाऱ्या जितेंद्रला त्यांनी हातानं बाजूला व्हायला सांगितलं.

“तू त्या खांबामागं हो गा. मी एकटाच ढकलतो.”

“दोघं लागते, काका.”

“मागं हो म्हटलं ना.”

प्रेमिलाताई खुर्चीतून उठल्या होत्या. “त्यांना काहून पाठवता?”

“पट्टा तुटला तं इकडंच येते, म्याडम.” चंपतरावांनी तोंडाला दुपट्टा बांधला. “दोघं कशाले पायजे?”

“आणि तुम्ही?”

“मले तं इथंच उभं राहा लागते.”

ते बटणाकडे वळले.

“थांबा,” प्रेमिलाताई म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की जितेंद्रनं तो ऐकून पुढे सांगितला. “खिळा आहे त्यात.”

मधुसूदन खाली फळ्यांकडे पाहू लागले.

“चौतीस वर्षं झाली. मी नऊ वर्षांची होते. धाकट्या भावाले, दुर्गेशले, फिट यायची. कोण्या गावचा एक बाबा आला, दारासमोरच्या झाडाले दुखणं खिळून टाका, खिळा कधी काढू नका म्हणाला. आईनं ठोकला. मी खिळा धरला होता.”

“दोनदा विचारलं तुमाले.” चंपतरावांनी दुपट्ट्याची गाठ सोडली. “दोनदा विचारलं ना जी.”

“शाळेत पोरांना शिकवते मी, असं काही नसते म्हणून. तुम्हाला काय तोंडानं सांगू? वाटलं, एवढ्या वर्षांत गंजून गेला असेल.”

चंपतराव ओंडक्याकडे वळले. मग म्हणाले, “आईच्या कुठवर होता?”

“काय?”

“खिळा. झाड वाढते, पण खिळा वर नाही जात. ठोकला तिथंच राहते, वरून लाकूड चढते. आईच्या कुठवर होता?”

प्रेमिलाताईंनी आपल्या गळ्याशी हात लावला. “मी टाचा उचलून धरला होता.”

ओंडका पुन्हा ठोकळ्यांवर उतरवून चंपतरावांनी बुंध्याकडून टेप लावला. अंगणात राहिलेलं हातभर खोड वजा केलं आणि तीन फुटांवर खडूची रेघ ओढली. नंतर ओंडक्याच्या तोंडाशी बसून फळ्यांखालच्या खिळ्याच्या टोकानं सालीपासून आत एकेक वर्तुळ मोजू लागले. वर्षाला एक. चौतिसाव्यावर थांबून त्यांनी टेप धरला.

“सहा इंच.”

मधुसूदन यांनी भिंतीवरचे आकडे पाहिले. दोन, चार, पाच. मग खडू खिशात टाकला.

“दाराकडची बाजू कोणती?” चंपतरावांनी विचारलं.

प्रेमिलाताईंनी ओंडक्याभोवती फिरून तोडलेल्या फांदीची गाठ शोधली. फांदी रस्त्याकडे गेलेली होती. त्यांनी गाठीच्या उलट बाजूला बोट ठेवलं.

या वेळी चंपतराव घाई न करता खोदत गेले. पाच इंचांनंतर पटाशीखालचं लाकूड काळं यायला लागलं. पुढे राखेसारखं काळंभोर, आणि त्यात बोटाएवढं गोल डोकं. गंजला होता, पण गेला नव्हता. जितेंद्रनं पकड आणून दिली. चंपतरावांनी ती खिळ्याला लावली आणि मान वर केली.

“ओढतो. मंग अख्खा ओंडका सरळ निघते. दाराले एक भोक दिसंन, ते बुजवता येते.”

प्रेमिलाताईंनी मान हलवली नाही. पदराचं टोक त्यांच्या मुठीत होतं.

“नाही ओढला तर?”

“मंग एवढा ठोकळा कापून काढा लागंन. इकडं अडीच फूट उरते, तिकडं साडेसहा. त्यात टोकाले चीर आहे, ती गेली की सहाच. दार नाही होत.”

“काय होते?”

“खिडक्या होतीन.”

मधुसूदन पुढे आले. “ताई, तुम्ही स्वतः विज्ञानाच्या—”

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. मग चंपतरावांना म्हणाल्या, “होऊ द्या खिडक्या.”

चंपतरावांनी पकड जितेंद्रच्या हातात परत दिली. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडून खडूच्या रेघा ओढल्या आणि हातकरवत मागवली. दोघांनी मिळून तो भाग कापून काढला, फरशीवर लोटत दाराशी नेऊन ठेवला. खिळ्याचं तोंड वर आलं तसं चंपतरावांनी ठोकळा फिरवून ते भिंतीकडे केलं.

उरलेला लांब तुकडा ट्रॉलीवर चढला. जितेंद्र ट्रॉलीमागे आपल्या जागेवर आला. चंपतरावांनी बटणावर हात ठेवला, तेवढ्यात दाराशी प्रेमिलाताईंनी फोन कानाला लावलेला दिसला.

“दुर्गेश, सकाळची गोळी घेतली का रे?”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“काही नाही. सहजच. घेतली ना पण?”

चंपतरावांनी बटणावरचा हात काढला. झाडू घेतला आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत ट्रॉलीच्या रुळांवरचा भुसा झाडत राहिले.