संभाजीच्या नावाची ड्युटी

‘स्वेच्छेने’ हा शब्द ज्या साहेबाने त्या कागदावर लिहिला, त्याला मला एकदा घरी जेवायला बोलवायचं आहे. वाढता वाढता विचारायचं आहे, की बाबा रे, घरी बायको आणि शिकणारी मुलगी असताना पेटलेल्या गोदामात स्वेच्छेने कोण जातं?

कागद असा: ‘अग्निशामक सुदर्शन रामटेके हे घटनेच्या दिवशी साप्ताहिक सुट्टीवर होते. भोंगा ऐकून ते क्वार्टरमधून स्वेच्छेने घटनास्थळी गेले व तेथे छत कोसळून मृत्यू पावले. सबब हा मृत्यू कर्तव्यावर असताना झालेला नाही.’ सुदर्शन म्हणजे माझे यजमान. मी सत्यशीला. कागद दीड वर्षापूर्वीचा आहे आणि तो मला पाठ आहे.

ड्युटीवर असताना गेले असते, तर त्यांच्या निवृत्तीच्या तारखेपर्यंत पूर्ण पगार मिळाला असता आणि फायर स्टेशनच्या मागचं हे दोन खोल्यांचं क्वार्टर तोवर आमच्याकडे राहिलं असतं. स्वेच्छेने गेल्यामुळे साधं पेन्शन आणि एकतीस मार्चला किल्ली परत. त्याआधी वीस मार्चला शेवटची सुनावणी होती. खरं सांगायचं तर पोटाची चिंता नव्हती. माझी मुलगी अपेक्षा आता खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आहे. ती म्हणायची, "आई, सोड ना आता. रूम बघू आपण माझ्या ऑफिसजवळ. किती दिवस त्या फाइलमागे फिरणार आहेस?" तिचं लक्ष लॅपटॉपमध्ये असायचं. मला मात्र सोडवत नव्हतं. माणूस गेला तो गेला, वर त्याला हौशी ठरवलं, याचा मला राग होता.

कारण ते सुट्टीवर नव्हतेच. ते संभाजी धुमाळच्या ड्युटीवर होते.

आमच्या स्टेशनात ड्युटी बदलायची एक पद्धत होती, सगळी तोंडी. संभाजी हिंजवडीच्या पलीकडच्या गावचा. त्याच्या घरी गौरी बसतात. आम्ही भंडाऱ्याकडचे बौद्ध. आमच्याकडे गौरी नाहीत आणि त्याच्याकडे चौदा एप्रिल नाही. म्हणून गौरीजेवणाच्या दिवशी त्याची ड्युटी हे करायचे, आणि बाबासाहेबांच्या जयंतीला ह्यांची ड्युटी तो करायचा. सकाळी हजेरीला ‘धुमाळ’ पुकारलं की हे ‘हजर’ म्हणायचे. स्टेशन ऑफिसरना सगळं ठाऊक होतं, पण ते वहीतून मान वर काढत नसत. नऊ वर्षं असं चाललं. ह्यांची एकही जयंती चुकली नाही आणि तिकडची एकही पंगत अडली नाही.

दीड वर्षापूर्वी गौरीजेवणाच्याच दिवशी दुपारी एका फर्निचरच्या गोदामाची वर्दी आली. आग लागल्याचा निरोप येतो त्याला आमच्यात वर्दी म्हणतात. गाडीवर सहा जण चढले. वहीप्रमाणे त्यांतला एक संभाजी धुमाळ होता. खरा संभाजी तेव्हा घरी पंगतीत पुरण वाढत होता. गोदामाचं पत्र्याचं छत खाली आलं, त्याखाली हे सापडले.

अदलाबदल उघडी पडली असती तर सगळ्यांत आधी स्टेशन ऑफिसरची नोकरी गेली असती. त्यामुळे ह्यांना घरी आणेपर्यंत तो ‘स्वेच्छेने’वाला कागद तयार होता. एरवी सरकारी काम आणि सहा महिने थांब, पण या कामाला सहा तासही लागले नाहीत. शोकसभेत एकजात सगळे रडले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तशी भाषणं झाली. मग वहीप्रमाणे गाडीवर असलेल्या सहाही जणांना धैर्याबद्दल प्रशस्तिपत्रं मिळाली. त्यांत एक संभाजीलाही मिळालं, कारण वहीत तो होता.

मी एकेकाचं दार वाजवलं. स्टेशन ऑफिसर निवृत्त होऊन मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेले होते. फोनवर म्हणाले, "ताई, वयानुसार विसरायला होतं हो." गाडीवरच्या बाकी पाचांनाही नेमकं तेवढंच आठवत नव्हतं. राहिला संभाजी. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती, आणि दीड वर्षात तो आमच्या दारात एकदाही फिरकला नव्हता.

सुनावणीच्या आठ दिवस आधी मी त्याच्या घरी गेले. हिंजवडीला जायला दोन तास लागले. पुढे कंपनीच्या बस, मागे कंपनीच्या बस, खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली अपेक्षाच्या वयाची पोरं. मला उभ्याउभ्या चक्कर यायला लागली. वाटलं, इथेच उतरावं आणि परत जावं. पण परत जायची बसही त्याच गर्दीत अडकली होती.

संभाजी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसला होता. मला बघून उठला आणि तसाच उभा राहिला.

"संभाजीभाऊ, वीस तारखेला येऊन एवढंच सांगा, की तुम्ही त्या दिवशी घरी होतात."

"वैनी, दोन वर्सं राहिलीत. समदं जाईल."

"माझं गेलंच आहे."

त्याने नजर टीव्हीकडे वळवली. तेवढ्यात त्याची बायको चंपा आतून पदराला हात पुसत आली. आमची दोघींची नऊ वर्षांची मैत्री, पण तीही दीड वर्षात भेटली नव्हती. तिने टीव्ही बंद केला.

"त्यांना काय इचारता, वैनी? त्या वक्ताला फोन कुनी केला व्हता? म्याच केला व्हता न्हवं?"

हे खरं होतं. ड्युटीची अदलाबदल पुरुषांनी कधी ठरवलीच नाही. गौरी आल्या की चंपा मला फोन करायची, एप्रिल लागला की मी तिला. मग आपापल्या नवऱ्याला सांगायचं. ते दोघे मुकाट्याने ऐकायचे.

"सासूबाई आजारी, पंगतीला धा मानसं, म्हून म्या फोन केला," चंपा म्हणाली. "मी फोन केला नसता तर भाऊजी आज जित्ते असते. दीड वरीस ह्यो एकच इचार. त्या सर्टिफिकिटाची फ्रेम ह्यांनी माळ्यावर टाकली, पन घरात तर हाय न्हवं? मी ह्यांना घिऊन येते वैनी. न्हाई आले तर एकली येते."

तिने माझे पाय धरले. मी तिला उठवलं, पण जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं ते असं. आदल्या दिवसापासून ह्यांच्या अंगात ताप होता. सकाळी सहाला म्हणाले, "सत्या, या खेपेला संभाजीला कळव. मला उठवत नाही." आणि मी म्हणाले, "आता या वेळी काय कळवणार? चंपाने पुरण शिजवलं असेल. गोळी घ्या आणि जा. नुसतं बसून तर राहायचं असतं." त्यांनी गोळी घेतली, बूट घातले आणि गेले. अपेक्षा तेव्हा नाशिकला कॉलेजच्या हॉस्टेलवर होती. तिला मी हे कधीच सांगितलं नाही. दीड वर्ष मी संभाजीच्या नावाने बोटं मोडली, त्या साहेबाच्या नावाने मोडली. त्यात माझी सोय होती. त्या दिवशी चंपाने सगळा दोष आपल्या पदरात घेतला आणि मी तो तिला घेऊ दिला. परतीच्या बसमध्ये मला माझी लाज वाटली, आणि तरी मी परत वळले नाही.

वीस मार्चला अपेक्षाने अर्धी सुट्टी टाकली. "शेवटचं येते हं तुझ्याबरोबर," म्हणाली. आम्ही जिना चढून वर गेलो तर बाकावर चंपा आणि संभाजी बसले होते. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याचे ओठ वाळले होते.

सुनावणी घेणारे साहेब नवीन होते, माझ्याइतकेच थकलेले. टेबलावर फायलींचा ढीग, त्यात आमची तळाला. संभाजी खुर्चीवर बसलाच नाही.

"त्या दिवशी मी घरी व्हतो, सायेब. माझ्या नावावर सुदर्शन हजर झाला व्हता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे बोलल्यावर आपलं काय होईल, कल्पना आहे आपल्याला?"

"हाय."

साहेबांनी लिहून घेतलं, त्याची सही घेतली. मला वाटलं, झालं. दीड वर्षाचं काम पाच मिनिटांत झालं. पण साहेब माणूस वाईट नसला तरी कागदाला पक्का होता.

"धुमाळ घरी होते, एवढं यातून दिसतं," ते म्हणाले. "रामटेके त्यांच्या जागी हजर झाले, हे धुमाळांनी घरी बसून कसं पाहिलं? शिवाय फाइलमध्ये आदल्या संध्याकाळची दवाखान्याची चिठ्ठी आहे. ताप एकशे दोन, दोन दिवस विश्रांती. एवढा ताप असलेला माणूस दुसऱ्याची ड्युटी करायला सकाळी उठून जाईल? घरी झोपले होते, भोंगा ऐकला, राहवलं नाही आणि धावले, असंच कुणालाही वाटेल. त्यांना सकाळी जाताना पाहिलं कुणी?"

चंपा म्हणाली, "फोन म्या केला व्हता."

"फोन केलात, बाई. पण ते गेले का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अपेक्षा माझ्या शेजारीच बसली होती. तिचा मोबाइल वाजला, तो तिने बंद केला. मला इतका थकवा आला, की टेबलावर डोकं टेकून झोपावंसं वाटलं. नुसतं ‘हो, सकाळी गेले’ म्हणून भागलं असतं का? साहेबांनी पुढे विचारलं असतंच, की तापात का गेले.

"मी पाठवलं," मी म्हणाले. "ते नको म्हणत होते. उठवत नाही म्हणाले. मी म्हटलं, गोळी घ्या आणि जा, नुसतं बसून तर राहायचं असतं. सात वाजता बूट घालून गेले. मी दारातून पाहिलं."

 चंपाने तोंडावर पदर धरला.

"म्हणजे स्वेच्छेने नाही," साहेब हळू म्हणाले.

"नाही."

त्यांनी ते लिहिलं. मला वाचून दाखवलं. खाली मी सही केली. ते म्हणाले, आता अडचण नाही, किल्ली देण्याची घाई करू नका, आदेश महिनाभरात निघेल. धुमाळांची चौकशी मात्र वेगळी लागेल. संभाजीने मान हलवली. जिन्यात मी त्याला म्हणाले, "संभाजीभाऊ…" तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वैनी," आणि चंपाला मोटरसायकलवर बसवून गेला. त्याच्या घरावर काय यायचं ते येणारच होतं, आणि ते माझ्यामुळे येणार होतं.

अपेक्षा पार्किंगमध्ये स्कूटीजवळ उभी होती. किल्ली हातात, पण गाडी चालू करत नव्हती. मी वाट पाहत राहिले, ती ओरडेल म्हणून. लहानपणापासून ती मला ओरडत आली आहे. बाबांना डबा वेळेवर दिला नाही, बाबांचं औषध आणलं नाही.

"त्या दिवशी सकाळी दहाला बाबांचा फोन आला होता मला," ती म्हणाली. "म्हणाले, ताप आहे, पण आज सुट्टीच आहे, आईने सक्तीने घरी थांबवलंय. पांघरूण घालून झोपलोय. तिने पेज करून दिलीय."

 दहाला ते स्टेशनातच असणार.

"मग मला वाटलं, तू झोपवून ठेवलं होतंस, तरी हा माणूस उठून पळाला. आगीत. आपला विचारही न करता. दीड वर्ष मी त्यांच्यावर चिडलेय, आई. त्यांचा फोटो बघवत नव्हता मला. आणि तू ड्युटी-ड्युटी करत होतीस, ते क्वार्टरसाठी खोटं बोलतेयस, असं वाटायचं मला."

तिला रडू फुटलं. ते गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती.

"खोटं बाबा बोलले," ती म्हणाली. "मी तुला ओरडू नये म्हणून."